सँपल न घेता दिलेला रिपोर्ट

गुंजवण्याला जाऊन राजगड न चढता परत आलेली बाई बहुधा मी एकटीच असेन. घरी आल्यावर सोसायटीतल्या बायकांनी विचारलं, फोटो कुठायत? माझ्या मोबाईलमध्ये फोटो एकच, तोही एका कागदी कार्डाचा. तो कुणाला काय दाखवणार, म्हणून लिहायला बसले. भोर-वेल्ह्याकडं तुम्ही गेलाच असाल तर गडांसाठी गेला असाल, नाहीतर वरंध घाटातून महाडकडं उतरताना. मी गेले होते एका बाईला शोधायला.

आधी माझं सांगते. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी चौतीस वर्षं रक्त तपासलं. डॉक्टर नाही, नर्स नाही. खिडकीच्या आतली बाई. मला माणसं दिसायची नाहीत, ट्यूबा दिसायच्या. ट्यूबेवर नाव, वय, नंबर. आमच्या सरांचा एकच नियम होता, सँपल नाही तर रिपोर्ट नाही. कुणी कितीही रडलं, कुणाचाही फोन आला, तरी अंदाजानं एक अक्षर लिहायचं नाही. हा नियम माझ्या अंगात इतका मुरलाय की वरणात मीठ बरोबर आहे का विचारलं तरी चाखल्याशिवाय मी हो म्हणत नाही. यावरून घरात माझी भरपूर चेष्टा होते. होऊ दे. निवृत्त झाल्यावर दुपारच्या मालिका बघवेनात, म्हणून एका संस्थेच्या गरोदर बायकांच्या तपासणी शिबिरांना जाऊ लागले.

भोर, सोमवार

भोरच्या स्टँडवर उतरले तेव्हा हातात कपड्यांची पिशवी आणि खांद्याला बर्फाचा डबा होता. रिक्षावाल्यानं विचारलं, मासळी आणली का? मी म्हटलं, त्याहून महाग आहे, नीट चालव.

तीन आठवड्यांपूर्वी भोरमध्येच एका मंगल कार्यालयात आमचं शिबिर झालं होतं. रक्त घेतलं आणि पुण्याला नेलं, पण तपासणीचं सामान वेळेवर आलं नाही, ट्यूबा फ्रिजमध्ये पडून राहिल्या. चूक आमची, दुसऱ्या कुणाची नाही. रिपोर्ट हातात आले तेव्हा त्यात एक नाव होतं अश्विनी, वय बावीस, हिर्डोशी, पहिलटकरीण. हिपॅटायटिस बी, पॉझिटिव्ह. बाळंतपणाची तारीख बघितली तर त्याच आठवड्यातली. दिलेला मोबाईल बंद.

गावाकडं याला पांढरी कावीळ म्हणतात. वाईट अशी की बाईला काही होतच नाही. डोळे पिवळे नाहीत, ताप नाही, शेतात राबते, पोटभर जेवते. विषाणू यकृतात गपचूप बसलेला असतो. पण बाळंत होताना तो आईच्या रक्तातून बाळाकडं जातो, आणि इतक्या कोवळ्या अंगात शिरला की बहुतेक वेळा जन्मभर निघत नाही. मग पंचविशी-तिशी-चाळिशीत कधीतरी यकृत निबर होतं, पोटात पाणी साठतं. अडवायचं कसं हे मात्र ठाऊक आहे. जन्मल्यावर बारा तासांच्या आत बाळाच्या एका मांडीत लस टोचायची आणि दुसऱ्या मांडीत तयार प्रतिकारशक्तीचं इंजेक्शन. लस सगळीकडं मिळते. दुसरं इंजेक्शन महाग, लहान दवाखान्यात असेलच असं नाही. तेच माझ्या डब्यात होतं.

संस्थेतले लोक म्हणाले, पत्र पाठवू, आरोग्य खात्याला कळवू. म्हटलं, कळवा, पण मी निघाले. त्याचं कारण त्यांना सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. माझा धाकटा भाऊ याच आजारानं गेला. तो गेल्यावर आईचं रक्त मी स्वतः तपासलं. चाचणीच्या पट्टीवर एक रेघ आली तर माणूस निरोगी, दोन आल्या तर विषाणू आहे. आईच्या पट्टीवर दोन आल्या. माझ्या स्वतःच्या पट्टीवर एकच होती. एका आईच्या दोन मुलांत असं का झालं, ते मला सांगता येत नाही. आईनं विचारलं, काय आलं गं? मी म्हटलं, काही नाही, तुझा काही संबंध नाही. त्यानंतर ती आठ वर्षं जगली, आणि मी रोज तिच्यासमोर ते खोटं घेऊन जेवले.

हिर्डोशी, मंगळवार

हिर्डोशीला एसटी कमी. सकाळची मिळाली, पण मी घाईत एक थांबा अलीकडंच उतरले आणि पुढं चालत गेले. एका अंगाला धरणाचं पाणी, दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि मधल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या खाचरांत कापणी चालली होती. मी बार्शीकडची, ज्वारीच्या मुलखातली. आमच्याकडं लहानपणी भात सणाला. इथं पेंढ्या डोक्यावर घेऊन बायका उतारावरून अशा धावत होत्या की मला सपाटीवर तेवढं चालता येत नव्हतं. त्यात चपलेचा अंगठा तुटला. एका आजोबांनी खळ्यावरची सुतळी काढून बांधून दिला आणि पुण्याची चप्पल हितं टिकत न्हाई, एवढंच बोलले.

अश्विनीच्या सासूबाई पारूबाई खळ्यावर भात झोडपत होत्या. दवाखान्याकडून आले म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आधी जेवा म्हणाल्या. नाचणीची भाकरी, हुलग्याचं कालवण आणि नव्या तांदळाचा भात. आमच्याकडं पाहुण्याला आधी पाणी आणि मग कामाचं विचारतात. इथं ताट रिकामं होईपर्यंत कामाचा शब्द काढू देत नाहीत. मी घास गिळत होते आणि डब्यातला बर्फ वितळत होता.

सून बाळंतपणाला माहेरी गेली होती, गुंजवण्याला. आमच्यातही पहिलं बाळंतपण माहेरीच, त्यात नवल नाही. पण मी बाळासाठी एक इंजेक्शन द्यायचंय म्हटलं आणि पारूबाईंचा आवाज बदलला. सुनेत काही खोट आहे का, हे त्यांनी तीन प्रकारे विचारलं. मी तीनही वेळा सांगितलं की तिच्याबद्दल जे काय असेल ते आधी तिलाच सांगणार. त्यांना राग आला. येणारच. घरच्या बाईला न सांगता सुनेला सांगायचं ही कुठली रीत? माहेरचं आडनाव विचारलं तर म्हणाल्या, गाव सांगितलं, आणखी कशाला पाहिजे? मुलगा शिवऱ्याला हायवेवरच्या हॉटेलात कामाला आहे, त्याला विचारा. आणि परत झोडपायला गेल्या.

भोर-वेल्ह्याच्या आशाताईंचे नंबर मी आधीच मिळवून ठेवले होते. आशाताई म्हणजे गावातली आरोग्याची कामं बघणारी बाई. गरोदर बायकांची नोंदवही तिच्याकडं असते. गुंजवण्याच्या आशाताईंचं नाव कांताताई. डोंगरावर जिथं रेंज आली तिथं उभी राहून फोन लावला. तुमच्याकडं अश्विनी नावाची दिवस भरलेली बाई आहे का, एवढंच विचारलं. कुणाची सून, कुठल्या गावची, काही सांगितलं नाही. अशा आजाराची पाटी एकदा बाईच्या गळ्यात पडली की निघत नाही. त्यांनी वही बघितली. अश्विनी म्हणून कोणीच नाही, म्हणाल्या. लहान मुलांच्या लसीकरणाचा दिवस होता, मागं पोरं रडत होती, त्यांनी फोन ठेवला.

मला वाटलं, म्हातारीनं मला उगाच रानोमाळ पाठवलं. संध्याकाळच्या एसटीत बसून भोरला येईपर्यंत मी मनात पारूबाईंशी भांडत होते. एका औषधाच्या दुकानात डब्यातला बर्फ बदलला आणि लॉजवर जाऊन आडवी झाले. एक अख्खा दिवस वाया गेला होता.

शिवरे, बुधवार सकाळ

शिवऱ्याचा हायवे म्हणजे गाड्याच गाड्या. रस्त्याच्या कडेला अंजीर-पेरूच्या टोपल्या, उसाचा रस, एकाला लागून एक हॉटेलं. संतोष, म्हणजे अश्विनीचा नवरा, मिसळीच्या भांड्यापाशी होता. सडपातळ मुलगा. मोबाईल पाण्यात पडून बंद झाला होता, म्हणून फोन लागत नव्हता.

मी जरा तावातच विचारलं, तुझी बायको गुंजवण्यात नाही म्हणतात, मग आहे कुठं? तो गोंधळला.

"हाय की. परवाच जाऊन आलो. तुमी काय म्हणून विचारलं?"

"अश्विनी म्हणून."

"तिकडं अश्विनी कुणाला ठावं आसनार? माहेरी ती सुरेखा. अश्विनी आमी लग्नात ठेवलं."

मी तिथंच बाकड्यावर बसले. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहितात हे मला कुणी पुण्याहून येऊन शिकवायला हवं होतं का? मी स्वतः माहेरची कुसुम आणि सासरची नलिनी. भाऊ मला शेवटपर्यंत कुसुमताई म्हणायचा. लॅबमध्ये त्याच्या कागदावर नातेवाईक म्हणून नलिनी लिहिलं तर तो हसला होता, ही कोण बाई म्हणून. आणि तीच मी, ट्यूबेवरचं नाव म्हणजेच माणूस असं धरून डोंगरात ओरडत फिरत होते. पारूबाई खोटं बोलल्या नव्हत्या, कांताताईही नाही. अक्कल माझीच गहाण पडली होती.

संतोषनं हात पुसले आणि माझ्यासमोर उभा राहिला. काय झालंय तिला, म्हणाला. मी म्हटलं, तिला विचारल्याशिवाय तुला सांगणार नाही, पण तिच्या जिवाला धोका नाही, आणि बाळासाठी औषध माझ्या डब्यात आहे. त्यानं डबा स्वतःकडं ओढला. थंड पेयांच्या फ्रिजमधून गार पाण्याच्या बाटल्या काढून डब्यात रचल्या. बर्फ थेट कुपीला लागू द्यायचा नाही, गोठली की औषध फुकट, हे मी सांगितलं तर त्यानं स्वतःचा रुमाल कुपीभोवती गुंडाळला. मालकाला सांगून तो संध्याकाळी येणार होता. मी नसरापूरची जीप पकडली.

गुंजवणे आणि वेल्हे, बुधवार दुपार

मार्गासनीपासून आत वळलं की राजगड समोर येतो आणि मग तो काही केल्या समोरून हलत नाही. जीपमध्ये माझ्या बाजूला पुण्याची तरुण मुलं होती, पाठीला मोठ्या पिशव्या. काकू, तुम्ही पण चढणार का, म्हणून विचारत होती. मी त्यांना वेळ काय झाली ते विचारत होते. गुंजवण्यात खाली धरणाचं पाणी, वर खाचरं. ज्यांची खालची जमीन पाण्यात गेली ते आता वरच्या तुकड्यावर भात काढतात. जागोजागी भाताच्या पेंढ्यांची उडवी रचलेली होती.

कांताताई स्टँडवरच भेटल्या. पन्नाशीच्या, बोलायला खणखणीत. मी सुरेखा म्हटल्याबरोबर माझ्याकडं बघत राहिल्या.

"अवो बाई, मग काल सुरेखा म्हनायचं न्हाई का? त्या घरात तर आज सकाळपासनं दार लोटलेलं हाय."

दार लोटून घेतलेलं होतं कारण सुरेखाच्या कळा सुरू झाल्या होत्या. तिची आई हौसाबाई, साठीची विधवा, तिनं कुणाला कळवलं नव्हतं. चुलीवर पाणी ठेवून शेजारच्या एका म्हातारीला बोलावणं धाडलं होतं. कांताताई संतापल्या. मी काही बोलायच्या आधी त्यांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. हौसाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. दवाखान्यातनं माझं माणूस परत आलं न्हाई, म्हणाली, दुसरं न्यायचं न्हाई.

सुरेखा मागं गोठ्यापाशी भिंतीला टेकून उभी होती. मी तिला एकटीला गाठलं आणि दोन कळांच्या मधल्या वेळात सगळं सांगितलं. तुझ्या रक्तात हा विषाणू आहे, तुझा काही दोष नाही, तुला बरीच वर्षं काही होणारही नाही, पण बाळाला अडवायचं तर दवाखान्यात चल. चौतीस वर्षांत मी एकाही पेशंटला तोंडावर रिपोर्ट सांगितला नव्हता. ती खाली मान घालून ऐकत होती. मग तिनं एकच विचारलं.

"बाळाला पाजता येईल न्हवं?"

येईल, म्हटलं, खुशाल पाज. ती भिंत सोडून पुढच्या दाराकडं आली, आईच्या हाताखालून वाकून बाहेर पडली आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिली. हौसाबाईला मागं यावंच लागलं.

वेल्ह्यापर्यंतच्या रस्त्यात, लेकीची पाठ चोळत, हौसाबाईनं तिचं न परतलेलं माणूस कोण ते सांगितलं. थोरला मुलगा दत्ता. एकतिसाव्या वर्षी त्याचं पोट फुगायला लागलं, पाय सुजले. गाव म्हणालं, दारू. तो म्हणायचा, मी कधी थेंब घेतला नाही. हौसाबाईला खरं वाटेना. तिनं त्याला देवीपुढं नेऊन बेलभंडारा उचलायला लावला. देवीवरचं बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन शपथ घ्यायची, यापुढं गावात कुठलं कोर्ट नाही. त्यानं उचलला. पण पोट फुगतच गेलं. तीन महिन्यांनी दवाखान्यातच वारला. गाव म्हणालं, खोटा भंडारा उचलला म्हणून देवीनं नेला. चार वर्षं झाली, तेच म्हणतात.

"मी बी तेच म्हनले," हौसाबाई म्हणाली. "त्याच्या तोंडावर म्हनले."

मी डबा मांडीवर घट्ट धरून बसले होते. मला सगळं समजलं होतं आणि बोलायची वेळ ती नव्हती.

सूर्य डोंगराआड जायच्या आत सुरेखा मोकळी झाली. मुलगी. डॉक्टर तरुण होते, कामाला चटपटीत. त्यांनी कुपी बघितली, डब्यातलं तापमान बघितलं आणि तासाभरात सिस्टरनं बाळाच्या दोन मांड्यांत दोन सुया दिल्या. बाळ कळवळून रडलं. इतकं बरं वाटलेलं रडणं मी आयुष्यात ऐकलं नाही. पुढच्या लसी वेळेवर झाल्या आणि वर्षाच्या आसपास रक्त तपासून घेतलं की निश्चिंत. त्या लसी कधी गुंजवण्यात होतील, कधी हिर्डोशीत. म्हणून बाळाच्या कार्डावर आईच्या नावापुढं मी कांताताईंना दोन्ही नावं लिहायला लावली, सुरेखा आणि अश्विनी. मोबाईलमधला फोटो तो. वेल्हे तालुक्याचंही आता कागदोपत्री राजगड झालंय, लोक वेल्हंच म्हणतात. दोन नावं असणं काही गुन्हा नाही, दोन्ही लिहून ठेवायची असतात.

संतोष आला तेव्हा सुरेखानं त्याला स्वतः सांगितलं. मी व्हरांड्यात थांबले होते. तो बाहेर आला आणि त्यानं विचारलं, मला पण सुई घ्यावी लागंल का? मी म्हटलं, आधी तपासणी, मग लस, आणि तुझ्या आईला सांगायचं की एका ताटात जेवल्यानं हे होत नाही. त्यानं मान डोलावली. आईचं बगतो मी, म्हणाला.

वेल्हे, गुरुवार

सकाळी बाकड्यावर बसून मी हौसाबाईच्या बोटातून एक थेंब रक्त घेतलं. घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची असते, असं सांगितलं, आणि ते खरंच होतं. पट्टी मांडीवर ठेवून आम्ही दोघी थांबलो. समोर कुणीतरी चहा उकळत होतं. पहिली रेघ आली. मग हळूहळू दुसरी. आईच्या वेळी मी पट्टी उलटी करून ठेवली होती. या वेळी तशीच राहू दिली.

हौसाबाईला वाचता येत नाही, पण तिनं लेकीच्या पट्टीबद्दल ऐकलं होतं. दोन रेघा तिला मोजता येत होत्या.

"म्हंजी दत्ताला बी हेच हुतं?"

जिभेवर नियम आला. म्हटलं, त्याचं रक्त या आजारासाठी तपासलेलं दिसत नाही, मावशी. कागद नाही.

"माझ्याकडनं गेलं व्हय त्याला?"

खोटं सांगायचं तर मला पाठ होतं, आठ वर्षं घोकलेलं. बाई गरीब, म्हातारी, मुलगा गेलेला, कशाला सांगायचं? पण माझी आई शेवटच्या दिवसांत माझ्याकडं जशी बघायची, ते मला आठवलं. तिला माहीत होतं असं मला आता वाटतं. तिला एकटीला ते वागवायला लावलं मी.

"हो," मी म्हटलं. "बहुतेक तुमच्याकडूनच. तुम्हाला तुमच्या आईकडून आलं असेल. कुणालाच माहीत नव्हतं, आणि तेव्हा हे औषधही कुणी दिलं नसतं."

ती रडेल असं वाटलं होतं. तिनं पट्टी उचलून हातात घेतली. मग म्हणाली, रोग माझ्याकडनं गेला तर गेला, पण भंडारा मी उचलायला लावला. आणि तेव्हा ती रडली. मी तिचा हात धरला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते काही फक्त दत्तासाठी नव्हतं.

हौसाबाईच्या पुढच्या तपासण्या डॉक्टरांनी लिहून दिल्या. औषध लागेल की नाही ते त्यावर ठरणार. तिनं कागद घडी करून कनवटीला लावला आणि माझ्याकडं वळून विचारलं, गावात येऊन सांगाल का?

गुंजवणे, शनिवार

बाळ-बाळंतीण घरी आली. त्या दिवशी कांताताईंकडं आंबेमोहोराचा भात आणि तूप खाल्लं, पण चवीकडं लक्ष नव्हतं. मला काय बोलायचं ते जुळवत होते. वाक्य तयार केलं: दत्ताला जो आजार असावा तो दारू न पिणाऱ्यालाही होतो आणि तो त्याच्या घरात आढळला आहे. प्रत्येक शब्द तपासलेला, कुठं सही करायला हरकत नाही असा.

देवळापुढं बायका नाचणीची कणसं वाळत घालत होत्या, दोन-तीन म्हातारे बसले होते. हौसाबाई आत गेली. मी तिच्या मागं. आणि तिथं उभी राहिल्यावर मला माझ्या वाक्यातली खोट दिसली. त्याच्या घरात आढळला म्हटलं की संध्याकाळपर्यंत सुरेखाचं नाव हिर्डोशीला पोचणार. ते अर्धं वाक्य गाळलं तर उरतं एवढंच, की दारू न पिणाऱ्यालाही असं होऊ शकतं. तेवढ्यासाठी मला कुणी बोलावलं नव्हतं.

देवीपुढच्या दगडी पायरीवर बेल आणि भंडारा होता. हौसाबाईनं बोट दाखवलं.

"तुमच्या कागदावर गाव इस्वास ठेवनार न्हाई. तुमी उचलाल का?"

मी देवभोळी नाही. आणि सँपल नव्हतं. चार वर्षांपूर्वी चितेवर जळालेल्या माणसाचं रक्त कुठून आणणार? माझ्याकडं होत्या एका आईच्या दोन रेघा, एका बहिणीचा पॉझिटिव्ह रिपोर्ट, एका मुलाचं फुगलेलं पोट आणि एक शपथ, जिच्यावर त्याच्या आईनंही विश्वास ठेवला नव्हता. सर असते तर म्हणाले असते, एवढ्यावर लिहायचं नाही. माझ्या भावालाही शेवटी वॉर्डातला कुणीतरी म्हणाला होता, किती घेत होतास? तो फक्त माझ्याकडं बघून हसला होता.

मी वाकून बेलाचं पान आणि हळद उचलली. बाहेरच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, मी रक्त तपासणारी बाई आहे, जन्मभर तेच काम केलंय, आणि मी भंडारा उचलून सांगते की हौसाबाईचा दत्ता दारू पीत नव्हता. त्याला आजार होता. त्यानं उचललेला भंडारा खरा होता.

कणसं पसरणाऱ्या हातांचा आवाज थांबला. एक म्हातारा उठला, टोपी काढून आत आला आणि देवीला नमस्कार करून परत गेला. सँपल न घेता दिलेला हा माझा आयुष्यातला एकच रिपोर्ट. त्याखाली मी आजही सही करीन.

हौसाबाई पायरीच्या डाव्या बाजूला गेली, जिथं भंडारा उचलताना दत्ता उभा राहिला असणार तिथं. खाली बसली आणि त्या फरशीवर दोन्ही हात टेकले.

"दत्ता," ती म्हणाली, "तू खरं बोलला हुतास रं. म्याच ऐकलं न्हाई."